विंचू उतरला, तरी हात गार का?

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की घरोघरी एकच गडबड उडते. कुणाचं माहेर कोकणात, कुणाचं सासर देशावर. पण सुट्टीत चार दिवस गावी जायचं हे ठरलेलं. बॅगा भरताना आपण मुलांचे सुती कपडे आठवणीने घेतो, खोकल्याचं औषध घेतो, वाटेत भूक लागेल म्हणून दशम्या नि चटणी बांधून घेतो. पण गावच्या घरात लाकडांच्या ढिगात, कौलांच्या फटीत, कोपऱ्यातल्या जुन्या वहाणेत एक प्राणी दडून बसलेला असतो, त्याची आठवण काही आपल्याला होत नाही. तो म्हणजे विंचू.

गेल्या आठवड्यात लोणच्याच्या मसाल्याबद्दल लिहिलं होतं. आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवून ह्या विंचवाबद्दल, आणि त्याहूनही आपल्याच शरीरातल्या एका गमतीच्या व्यवस्थेबद्दल सांगणार आहे. विषय थोडा शास्त्राचा आहे, पण घाबरू नका. कुकरची शिट्टी आणि गिरणीचा भोंगा ज्यांना कळतो, त्यांना हेही कळेल.

दोन रात्री

माझं माहेर सोलापूरचं आणि सासर महाड तालुक्यातल्या एका खेड्यातलं. लग्न होऊन मी पहिल्यांदा तिथे राहिले ते १९७८ च्या उन्हाळ्यात. शेजारच्या घरातली सात वर्षांची पोर चुलीसाठी शेणी काढायला गेली आणि बोटाला विंचू डसला. पोरीने आकांत केला. भगताला बोलावणं गेलं. त्याने मंत्र म्हटले, कडुलिंबाचा टाळा वरून खाली फिरवला. दोन तासांनी पोर रडायची थांबली. ‘उतरला, उतरला!’ म्हणत सगळे आपापल्या घरी गेले. आणि पहाटे त्या घरातून हंबरडा ऐकू आला. पोरीच्या तोंडाला फेस आला होता, श्वास घुसमटला होता. आणि ती गेली.

तिची आजी कितीतरी दिवस येईल त्याला एकच प्रश्न विचारायची, ‘‘विंचू तर उतरला होता गं. मग पोर गेली कशानं?’’ त्या माउलीला उत्तर देणारं तिथं कुणीच नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं.

दुसरी रात्र १९८९ च्या मे महिन्यातली. त्याच गावी, आमच्याच पडवीत. धाकट्या जाऊबाईंचा पाच वर्षांचा मुलगा लाकडांच्या ढिगामागे चेंडू काढायला गेला आणि किंचाळत बाहेर आला. पुन्हा तेच. भगत आला, टाळा फिरला, तासाभराने मुलगा शांत झाला. दोन उलट्या झाल्या, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘घाबरलंय लेकरू. निजू दे त्याला.’’ आणि खोटं कशाला सांगू, मीही म्हटलं, ‘‘झोपेल तर बरं वाटेल त्याला.’’ मी शिकलेली, शहरात राहणारी! पण तो रडत नाही ह्याचाच मला इतका आनंद झाला होता, की पुढचं काही सुचलंच नाही.

रात्री पांघरूण घालायला गेले, तर सदरा घामाने पिळून काढावा इतका ओला. आणि हात? मे महिन्याचा तो उकाडा, आणि मुलाचे हातपाय माठातल्या पाण्यासारखे गार! मला एकदम ती शेणीवाली पोर आठवली. भावोजींना उठवलं, शेजाऱ्यांची जीप काढायला लावली आणि मुलाला मांडीवर घेऊन तालुक्याला निघालो. विंचू चावल्याला तोवर चार तास होऊन गेले होते. वाटेत त्याला धाप लागली. जाऊबाई वाटभर एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसता त्याचा पाय चोळत होत्या.

डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, हातपाय चाचपले आणि एका लहानशा गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून मुलाला पाजला. मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, विष उतरवायचं इंजेक्शन नाही देत?’’ ते म्हणाले, ‘‘वहिनी, विंचवाने फक्त काडी लावली. आता ह्याला जाळतंय ते ह्याचंच शरीर. आधी ते थांबवू द्या.’’

त्या रात्री ह्या वाक्याचा अर्थ कळला नाही. नंतर विचारून, वाचून जो समजला, तो तुम्हाला सांगते.

भोंगा एक, कान निराळे

माझ्या लहानपणी सोलापुरात गिरणीचा भोंगा व्हायचा. भोंगा एकच, पण प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा. समोरचे काका भोंगा ऐकून डबा घेऊन निघायचे. आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची. आजी देवापुढे दिवा लावायची. आणि आम्ही मुलं पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो!

आपल्या शरीरातही असा एक भोंगा आहे. त्याचं नाव अ‍ॅड्रिनॅलिन. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या लहान ग्रंथी आहेत, त्यांच्या गाभ्यातून ते रक्तात उतरतं. त्याचंच सख्खं भावंड नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. ते मज्जातंतूंच्या टोकांशी सुटतं. मूल शाळेतून वेळेवर आलं नाही, रात्री दारावर अवेळी थाप पडली, म्हणजे छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. हा सगळा ह्या भोंग्याचा प्रताप. संकटात पळायला नाहीतर झुंजायला शरीर तयार व्हावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय.

१९०१ साली जोकिची ताकामिने ह्या अमेरिकेत राहणाऱ्या जपानी रसायनतज्ज्ञाने अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध रूपात वेगळं काढल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. हे द्रव्य एके ठिकाणी रक्तवाहिन्या आवळतं, तर दुसरीकडे श्वासनलिका सैल सोडतं. हृदयाला पळवतं, आणि आतड्यांना मात्र स्वस्थ बसवतं. एकाच द्रव्याच्या अशा उलटसुलट कामांचा मेळ लागायचा कसा?

उत्तर सुचलं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले प्राध्यापक रेमंड आल्क्विस्ट ह्यांना. अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची काही द्रव्यं घेऊन ती निरनिराळ्या अवयवांवर त्यांनी तपासली आणि सांगितलं, की भोंग्यात काही गूढ नाही, फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या कानात. शरीरातल्या पेशींना हा निरोप ऐकणारे दोन जातींचे कान असतात. एकांना त्यांनी नाव दिलं अल्फा, दुसऱ्यांना बीटा. शास्त्रज्ञ ह्या कानांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. गंमत अशी, की त्यांचा हा लेख एका नियतकालिकाने चक्क साभार परत पाठवला होता! अखेर तो १९४८ साली दुसरीकडे छापून आला. आज जगातल्या लाखो लोकांच्या औषधाच्या गोळ्या त्या लेखाच्या पायावर उभ्या आहेत.

आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवा. कातडीच्या आणि आतड्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर मुख्यतः अल्फा कान. त्यांना भोंगा ऐकू गेला, की वाहिन्या आवळतात. हृदयावर मुख्यतः बीटा कान. त्यांना ऐकू गेला, की हृदय जोरात पळतं. श्वासनलिकांवरही बीटा कानच, पण जरा वेगळ्या पोटजातीचे. त्यांनी ऐकलं, की नळ्या सैलावतात आणि श्वास मोकळा होतो.

आता आपलं औषधांचं कपाट उघडून बघा. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब अल्फा कानात ओरडतात. नाकातल्या वाहिन्या आवळतात आणि नाक सुटतं. (म्हणूनच ते थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घालू नयेत. नाकाला त्यांची सवय होते आणि ते उलट जास्तच चोंदतं.) दमेकऱ्याचा साल्ब्युटामॉलचा पंप श्वासनलिकेच्या बीटा कानात बोलतो. आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतला एक प्रकार, बीटा-ब्लॉकर, हृदयाच्या बीटा कानांत कापसाचा बोळा बसवतो. तो बोळा दमेकऱ्याच्या श्वासनलिकेच्या कानांतही बसला, तर नळ्या आवळून जीव घुसमटू शकतो. तेव्हा ‘माझी धडधड ह्या गोळीने थांबली, तुम्हीही घेऊन बघा’ असं म्हणून शेजारणीला आपली गोळी देणं हा शेजारधर्म नव्हे, बरं का!

कानाच्या आत काय होतं?

अ‍ॅड्रिनॅलिन पेशीच्या आत शिरतच नाही. ते दारातूनच हाक मारतं. पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यातून हा कान ओवलेला असतो. कापडावर आपण धावदोरा घालतो ना, टाका वर, टाका खाली? तसा एकच लांब धागा त्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार गेलेला असतो. बाहेरच्या बाजूने हाक आली, की धाग्याची ठेवण किंचित बदलते. आत एक निरोप्या त्याला टेकून उभाच असतो. त्याला जी-प्रथिन म्हणतात. तो जागा होऊन पुढच्याला हलवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. एकाचे दहा, दहाचे शंभर होत होत निरोप पेशीभर पसरतो. हळदीकुंकवाचं बोलावणं एकीला द्यावं आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळावं, तसंच!

निरोपही कानागणिक वेगळा. बीटा कानामागे सायक्लिक एएमपी नावाचं द्रव्य तयार होतं. ह्या आतल्या निरोप्याचा शोध लावणारे अर्ल सदरलँड ह्यांना १९७१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रक्तवाहिनीच्या अल्फा कानामागे मात्र पेशीच्या पोटात साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि वाहिनीचा स्नायू आवळतो. हे कान खरोखरच असतात का, अशी शंका पुष्कळ वर्षं भल्याभल्यांना होती. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का ह्या दोघांनी ते वेगळे काढून, त्यांची घडण उलगडून दाखवली. त्यासाठी २०१२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एरवी ही व्यवस्था फार शहाणी आहे. भोंगा वाजतो, काम होतं, दोन-चार मिनिटांत रक्तातलं अ‍ॅड्रिनॅलिन नाहीसं होतं. मूल दारात दिसलं, की आपली धडधड थांबते आणि धपाटा घालायला हात मोकळा होतो!

पण भोंग्याची कळच अडकून बसली तर?

विंचू नेमकं काय करतो?

कोकणातल्या लालसर विंचवाचं विष नेमकं हेच करतं. आपल्या मज्जातंतूंच्या अंगाला बारीक झडपा असतात. झडप उघडली, की निरोप पुढे जातो, मिटली की थांबतो. विंचवाचं विष ती झडप मिटूच देत नाही. तंतू ओरडत सुटतात. त्यांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नुसतं ओतलं जातं.

सुरुवातीला मज्जातंतूंचा आणखी एक निरोप्याही मोकाट सुटतो. त्यामुळे उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते. मुलगा असेल तर त्याचं इंद्रिय ताठरलेलं दिसतं. ही विष अंगात भिनल्याची खूणच आहे. लाजून ती डॉक्टरांपासून लपवू नका.

मग अ‍ॅड्रिनॅलिनचं खरं वादळ सुरू होतं. अल्फा कानांवर एकसारखा भोंगा आदळतो. कातडीच्या वाहिन्या आवळत जातात. रक्त हातापायांपर्यंत पोचत नाही, म्हणून हात गार! मैत्रिणींनो, ते गारपण झोपेचं नव्हे, घामाचंही नव्हे. आतल्या वाहिन्यांना बसलेल्या गाठीचं ते गारपण असतं. तिकडे बीटा कानांमुळे हृदय जिवाच्या आकांताने पळत असतं आणि आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलायला बघत असतं. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि पंप मात्र पूर्ण वेगाने चालू ठेवा. पंपावर किती ताण येईल? तेवढा ताण त्या चिमुकल्या हृदयावर येतो. काही तासांत ते थकतं. मग मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. धाप लागते, तोंडाला फेस येतो.

त्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. उतरली होती ती बोटाची वेदना. आतलं वादळ तेव्हा कुठे चढत होतं.

भगताला यश का येतं, हेही आता कळेल. विंचू चावलेल्या पुष्कळ जणांच्या अंगात विष फारसं भिनतच नाही. त्यांना नुसती भयंकर वेदना होते आणि काही तासांनी ती आपोआप कमी होते. मंत्र म्हटला तरी होते, न म्हटला तरी होते. श्रेय टाळ्याला मिळतं! मात्र ज्याच्या अंगात विष भिनलं, त्याच्या बाबतीत वेदना हे मोजमापच नव्हे. तो रडत नाही म्हणजे बरा आहे, असं समजू नका.

महाडची गोळी

आता अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. विंचवाच्या ह्या वादळावर जो इलाज आज मानला जातो, तो कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत सापडलेला नाही. तो आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडला सापडला.

मराठवाड्यातल्या एका खेड्यातून, गरिबीशी झगडत डॉक्टर झालेले हिंमतराव बावस्कर १९७० नंतरच्या त्या वर्षांत महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेमणुकीवर आले. विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती, आणि पुस्तकांत त्यावर नेमकं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम केव्हा, उलटी केव्हा, हात गार केव्हा, धाप केव्हा. त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

हे वादळ अल्फा कानांचं आहे असं दिसल्यावर पुढचा विचार सरळ होता. अल्फा कानांत कापसाचा बोळा घालणारं औषध बाजारात होतंच! प्राझोसिन त्याचं नाव. रक्तदाबाच्या रोग्यांना देत असत ते. विंचू चावलेल्यांना ते दिल्यावर आवळलेल्या वाहिन्या सैल होऊ लागल्या, हृदयावरचा भार उतरला. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्या दोघांच्या नावाने तो अनुभव १९८६ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. बायकोचं नाव बरोबरीने छापलेलं वाचून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगायला नको!

परिणाम किती झाला म्हणाल, तर प्राझोसिन येण्याआधी, म्हणजे १९८३ पर्यंत, विष भिनलेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस दगावत. नंतर उपचार वेळेवर मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. १९७८ साली गेलेली ती पोर आणि १९८९ साली वाचलेला माझा पुतण्या, ह्यांच्यामध्ये उभी आहे ती ही एवढीशी गोळी.

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाची प्रतिलसही आली. ती विषाला गाठते आणि गोळी वादळाला आवरते. दोन्ही मिळून दिल्यास रोगी आणखी लवकर सावरतो, हेही ह्या दांपत्याने महाडच्याच रोग्यांवर दाखवून दिलं. तो अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

हे वाचून कुणी म्हणेल, ‘मग आजोबांच्या रक्तदाबाच्या डब्यातली एक गोळी देऊन टाकू!’ थांबा. असं मुळीच करायचं नाही. रक्तदाबाची गोळी म्हणजे एकच गोळी नव्हे. डब्यातली गोळी बीटा-ब्लॉकर निघाली, तर दमलेलं हृदय आणखी ढिलं पडेल आणि वाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतील. म्हणजे आगीत तेल! आणि ती प्राझोसिनच असली, तरी मात्रा मुलाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावी लागते. पहिल्याच मात्रेने दाब एकदम उतरून, उठून बसताक्षणी मूल बेशुद्ध पडू शकतं. गोळी देण्याचं काम डॉक्टरांचं. आपलं काम वेळ न घालवण्याचं.

विंचू चावला तर

कात्रण काढून गावच्या घरी भिंतीला चिकटवून ठेवावं, म्हणून मुद्दे वेगळे देते.

१. घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

२. मुलाला आडवं निजवा, धीर द्या, धावू देऊ नका. जागा साबणाने धुवा. दुखण्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ चालेल.

३. घट्ट आवळपट्टी नको, ब्लेडने चिरणं नको, तोंडाने ओढणं नको. तिखट, तंबाखू, रॉकेल असलं काही लावू वा पाजू नका.

४. दर काही मिनिटांनी हातापायांना हात लावून बघा. गार लागले, घाम सुटला, उलटी झाली, लाळ गळली, धडधड वाढली, धाप लागली, ह्यांतलं एक जरी दिसलं तरी क्षणभर थांबू नका.

५. लहान मूल असेल तर ह्या खुणांची वाटच पाहू नका. आधी निघा. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करा. निघतानाच त्या दवाखान्यात फोन करून विंचवाचे उपचार होतात का, हे विचारून घ्या.

६. विंचू लाल की काळा, ह्या वादात वेळ घालवू नका. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जिवावरचं संकट बहुतेक वेळा लहानशा लाल विंचवाकडून येतं. विंचवाला शोधत बसण्यापेक्षा मुलाकडे बघा.

७. उपचारानंतर डॉक्टर सांगतील तोवर मुलाला एकदम उठवू नका, उभं करू नका. ‘आता हसतंय की’ म्हणून लगेच घरी नेण्याची घाई नको.

आणि मुळात चावूच नये म्हणून: वहाणा आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब, आणि झोपण्यापूर्वी ते झाडायचं. लाकडं नि शेणी काढताना उघड्या हाताने चाचपडायचं नाही, आधी काठीने हलवायचं. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. ओल्या पंचाला वा दोरीवरच्या कपड्यांनाही झटका द्यायचा. मुलांचा चेंडू ढिगामागे गेला, तर तो मोठ्यांनी काढायचा.

पहाट

त्या रात्रीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गोळी दिल्यानंतर आम्ही दोघी जावा पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो. डॉक्टर मधूनमधून येऊन दाब बघत, छातीला नळी लावत. ठराविक तासांनी त्यांनी पुन्हा मात्रा दिली. मुलगा निपचित पडला होता. मी त्याचं पाऊल हातात धरूनच बसले होते. उजाडायच्या सुमाराला ते पाऊल मला कोमट लागलं. भास असेल म्हणून गालाला लावून पाहिलं. खरंच कोमट होतं! धापही कमी झाली होती.

तेवढ्यात मुलगा जागा झाला आणि भोकाड पसरून रडायला लागला, ‘‘बोट दुखतंय! आई गं, बोट दुखतंय!’’ आम्ही दोघी घाबरून उभ्या राहिलो. डॉक्टर मात्र हसले. ‘‘रडू द्या त्याला,’’ ते म्हणाले, ‘‘हातपाय गरम होऊन बोट पुन्हा दुखायला लागलं, की समजावं, माणूस परत आला.’’ जाऊबाई त्या रात्रीत पहिल्यांदाच रडल्या.

आदल्या रात्री तो रडायचा थांबला म्हणून मी देवाचे आभार मानले होते. त्या पहाटे तो रडतोय म्हणून मानले!

गावी परतल्यावर सासूबाईंना सारं सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील. पण त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘तेव्हा ह्या गोळीचं ठाऊक असतं, तर ती पोर आज सासरी नांदली असती.’’ पुढे गावात कुणालाही विंचू चावला, की भगताला निरोप जायच्या आधी सासूबाईंचा निरोप जीपवाल्याकडे जायचा. भगतालाही त्यांनी पढवून ठेवलं होतं, ‘मंत्र म्हणायचा तर जीपमध्ये बसून म्हण!’ आणि तो बसायचाही. खरी बुद्धी शाळेतच मिळते असं थोडंच आहे?

मैत्रिणींनो, मूल किरकिरलं, की आपला हात आपसूक त्याच्या कपाळावर जातो. ताप बघायची ती आपली जुनीच सवय. विंचू चावल्यावर मात्र कपाळापेक्षा हातपाय चाचपा. गार लागले, तर ‘निजू दे त्याला’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. मी ते एकदा काढले होते. तुम्ही काढू नका.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी धान्याला ऊन कसं द्यावं आणि डबे कसे भरावेत, ते बघू. तोवर सुट्टी सुखाची जावो!